नवव्या डब्यातली पितळी पट्टी

भूपाल,

तू गेलास तेव्हा आपलं बोलणं बंद होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. पाच आठवडे तू फोन केला नाहीस, मी केला नाही. सहाव्या आठवड्यात मंगळवारी सकाळी फोनवर तुझं नाव दिसलं. मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम चार वेळा वाजू दिला. म्हटलं, बघू दे जरा वाट. उचलला तर पलीकडं अजित. "काका, अप्पा गेलं," एवढंच म्हणाला तुझा मुलगा, आणि मागं कुणाचं तरी रडणं ऐकू आलं.

आष्ट्याला पोचलो तर तुझ्या दारात माणसं मावत नव्हती. चाळीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवलेलं, गावातल्या निम्म्या लग्नांची भांडी तुझ्या हातून गेलेली, गर्दी होणारच. मी भिंतीकडेला उभा राहिलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि अजितला विचारलं, "ह्ये पाव्हणं कुठलं?"

"अप्पांचे दोस्त. माधवनगरचे. रेल्वेतले."

म्हातारा लगेच सरकला, मला सावलीत घेतलं. "कुठल्या स्टेशनला व्हता?" मी म्हटलं, "मिरजेला." दुसरं काय सांगणार होतो? जन्मभर माधवनगरच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये तेलकट हातांनी फिटरकी केली, आणि आपली रेल्वे म्हणजे दुकानाच्या वरच्या खोलीतली, आठ बाय पाच फुटांच्या प्लायवूडवर गोल फिरणारी, खेळण्यातली. असलं तिथं सांगायचं कसं? तुझ्या गल्लीतली लहान मुलं आपल्याला हसायची ते ठीक होतं. त्या दिवशी मला कुणी हसायला नको होतं.

आज तीन आठवडे झाले. रविवारी सकाळी मी अजूनही लवकर उठतो, दाढी करतो, पिशवीत पकड आणि चिमटा टाकतो आणि मग खुर्चीत बसतो. बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती नातवंडांतच रमली, तुला माहीतच आहे. घरात बोलायला कुणी नाही आणि बाहेर बोलायचं तर कुणाशी? डबा रुळावरून घसरला तर आधी चाक बघावं की रूळ, यावर भांडण काढणारा माणूस आष्ट्यापासून रहिमतपूरपर्यंत एक तूच होतास.

आपण भेटलो तेही भांडणातच. सांगलीत हत्यारांच्या दुकानात तू गल्ल्यासमोर उभा, हातरुमालात गुंडाळलेला वीतभर लांबीचा निळा डबा, आणि दुकानदाराला म्हणत होतास, "ह्याच्या चाकाला बसंल असं बारीक वायसर द्या." दुकानदार तुझ्याकडं बघून डोकं खाजवत होता. मागांच्या आवाजानं माझे कान अर्धे गेलेत, त्यामुळं मी बोलतो ते अर्ध्या बाजाराला ऐकू जातं. मी मागून ओरडलो, "वायसर घालून काय हुनार न्हाई, चाकच लंगडं हाय त्ये!" तू वळून बघितलंस. राग आला होता तुला. पण डबा माझ्या हातात दिलास.

पुण्याच्या जुन्या बाजारातून एका खोक्यात तू नऊ डबे आणि एक इंजिन आणलं होतंस. कोण्या साहेबाच्या घरातलं, बाहेरदेशी बनलेलं, आपल्या वयाचं म्हणता येईल इतकं जुनं. दिसायला देखणं. पण दोन डबे जोडून चालवले की पहिल्या वळणावर लोळण. तू तीनदा रूळ उखडून परत घातले होतेस. मी त्या दिवशी वरच्या खोलीत आलो, एक डबा पाटावर ठेवला आणि बोटानं ढकलला. तो दोन इंच गेला आणि रुसल्यासारखा थांबला. म्हटलं, "रूळ चांगलं हाईत गड्या. डबंच चालाय तयार न्हाईत."

आणि मग बारा वर्षं. कुणी विचारलं, एवढं काय करता हो तुम्ही त्या डब्यांना, तर सांगायला चार गोष्टी. जुनी प्लास्टिकची चाकं काढायची, कारण ती डुगडुगतात आणि रुळावरची घाण गोळा करत फिरतात. त्याजागी धातूची, टोकदार आसाची चाकं बसवायची. ती तुझा भाचा परदेशातून पाठवायचा, एका वेळी चार-सहा. आस जिथं टेकतो ती भोकं साफ करायची. मग कपलिंग, म्हणजे डब्याला डबा जोडणारा आकडा. जुन्या डब्यांना ते खाली चाकांच्या चौकटीलाच जोडलेलं असतं, म्हणून गाडी मागं ढकलली की ते चाकांनाच पिरगाळतं आणि डबा खाली. ते कापून डब्याच्या अंगाला बसवायचं. आणि शेवटी वजन, कारण हलका डबा किती शहाणा केला तरी वळणावर उचलतोच. सांगायला एवढंच. एका डब्याला आपल्याला वर्ष लागायचं, कधी जास्त. घाई कुणाला होती?

पहिल्या डब्याला मी केलेला पराक्रम तू कुणालाही सांगायचास. चाक नवं, आस नवा, भोक साफ, आणि मी सवयीनं खिशातली कुपी काढून तेल सोडलं. चाळीस वर्षं जे जे फिरतं त्याला तेल घातलेला हात तो, थांबणार कसा? त्या दिवशी डबा पळाला. पुढच्या रविवारी आलो तर तेलाला धूळ चिकटून चाकं जाम, तेल रुळावर उतरलेलं आणि इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत उभं. "ह्यो काय तुझा माग हाय व्हय रं?" तू एवढा ओरडलास की खालून गिऱ्हाईक वर बघायला आलं. पूर्ण रविवार आपण पंच्यानं रूळ पुसले. त्या दिवसापासून वरच्या खोलीत येताना माझी तेलाची कुपी तू जिन्यातच काढून घ्यायचास.

डबा मोकळा झाला की नाही हे बघायची पद्धत तुझी होती. वहिनींचा पोळपाट एका बाजूनं विटेवर टेकवायचा आणि त्या उतारावरून डबा सोडायचा. आला त्या दिवशी जो डबा पोळपाटावरूनच उतरला नव्हता, तो काम झाल्यावर पोळपाट, फरशी, सतरंजीची कड सगळं ओलांडून उंबऱ्याला जाऊन धडकला. आपण दोघं साठीला टेकलेले बाप्ये टाळ्या वाजवत होतो. खालून वहिनींचा आवाज आला, "आवं भावजी, तुमची गाडी गेली आसंल तर माझा पोळपाट द्या खाली, कणीक वाळाय लागलीया."

वहिनी मला भावजी म्हणायच्या, मी त्यांना वहिनी म्हणायचो. तू त्यांना 'अगं' म्हणायचास, गाव 'आक्का' म्हणायचं. एवढ्यावर आमचं सहा वर्षं व्यवस्थित चाललं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, तरी त्यांच्या हातच्या आमटीची चव मला माधवनगरला येईपर्यंत तोंडात पुरायची. तुमच्या जैनांकडं जेवण दिवस मावळायच्या आत. कुठलंही काम कुठंही आलेलं असो, ऊन खिडकीच्या खालच्या गजावर आलं की तू चिमटा खाली ठेवून उठायचास. "आरं दोन मिंटात चाक बसतंय!" मी ओरडायचो. "चाक उद्या बसंल," तू म्हणायचास. मी दर वेळी चिडायचो. आता कळतंय की दर रविवारी काहीतरी अर्धवट राहायचं, म्हणूनच मी पुढच्या रविवारी यायचो.

आणि तो कोळी आठवतो? बोगद्याच्या तोंडाशी त्यानं जाळं विणलं. मी कागदानं काढायला गेलो तर तू हात धरलास. "ऱ्हाऊ दे. जाईल त्याचा त्यो." त्याला जायला अठरा दिवस लागले. अठरा दिवस आपली गाडी बंद, आणि कारण विचारलं की तू गंभीर चेहऱ्यानं सांगायचास, लाइनवर काम चालू आहे.

वजनाची युक्तीही तुझीच. बाजारातलं शिसं तुला नको होतं. दुकानात लोक मोड आणून टाकायचे, फुटके तांबे, चेपलेल्या वाट्या, बूड गेलेली पातेली, आणि त्याच्या बदल्यात नवी भांडी न्यायचे. त्यातलं पितळ चांगलं जाड असलं की तू एक घमेलं बाजूला काढून वर आणून ठेवायचास. मी ते कापायचो, ठोकून सपाट करायचो आणि डब्याच्या आत, जमिनीवर पट्टी बसवायचो. तू तुझ्या बारीक काट्यावर डबा तोलायचास, नऊच्या नऊ सारख्या वजनाचे झाले पाहिजेत म्हणून. ही पट्टी दोन कानशी कमी कर, म्हणायचास.

आता आपल्याकडं भांडं म्हटलं की त्यावर नाव आलंच. कुणाला मामानं दिलेलं, कुणाला बारशात आलेलं, कुणाच्या स्मरणार्थ वाटलेलं. पट्टी कापली की त्यातली दोन-चार अक्षरं पट्टीवर यायची. पहिल्या पट्टीवर 'सौ. इंदूस' एवढंच आलं. तू ती चष्म्याजवळ धरून वाचलीस आणि म्हणालास, "घ्या, पयल्या डब्यात इंदूबाई बसल्या." तेव्हापासून रिवाजच पडला. डबा पुरा झाला, छप्पर बसलं, गाडीला जोडला की तू विचारायचास, "ह्यात कोण बसलंय?" आणि मी पट्टीवरचं नाव सांगायचो. तिसऱ्यात कुणी दत्तोबा होते. पाचव्यात नुसतंच 'मावशीकडून'. मग त्या मावशी कुठल्या, कुणाकडं निघाल्यात, डबा घेतलाय का बरोबर, यावर आपला अर्धा तास जायचा.

डब्यांत दिवे लावायचे की नाही तो वाद तसाच राहिला. तुझं म्हणणं, माणसं अंधारात बसलीत. माझं म्हणणं, तारांचं ओझं झालं की आस घासणार. आता तूच सांग, कुणाशी भांडू?

वहिनी गेल्या त्याला सहा वर्षं झाली. चौथा डबा तेव्हा पाटावर उघडा होता. मी आलो, त्या गर्दीतही सगळे 'आक्का गेल्या, आक्का गेल्या' म्हणत होते. महिनाभरानं तू फोन केलास, "रविवारी ये." मी आलो. तू एका शब्दानं त्यांच्याबद्दल बोलला नाहीस आणि मीही विचारलं नाही. पोळपाट मात्र तू खालून घेऊन आला होतास, आणि संध्याकाळी तो परत मागायला कुणी नव्हतं. तो तिथंच राहिला, आपल्या हत्यारांत.

आता त्या दिवसाचं.

तुझ्या छातीत दुखलं, सांगलीला दवाखान्यात ठेवलं. मी दोनदा आलो, तुला नळ्या लावलेल्या, तरी तू विचारलंस, "नववा कुठपातूर आला?" आठ डबे झाले होते. नवव्याची चाकं बसली होती, कपलिंग आणि वजन राहिलं होतं. मी मनात ठरवलं, तू घरी येशील त्या दिवशी नऊच्या नऊ डबे तुझ्यासमोर फिरवायचे. अजितकडून किल्ली घेतली, तीन दिवस आष्ट्याला येऊन बसलो. तू नसताना त्या खोलीत बसणं मला जड गेलं. पण कपलिंग असं बसलं की तुझ्याही हातून बसलं नसतं. पट्टीसाठी घमेल्याकडं वळलो तर सगळ्यात वर एक काळी पडलेली पितळी ताटली, काठापासून मध्यापर्यंत चिरलेली. जाडी एकदम बरोबर. मधोमध नाव कोरलेलं. मी चार पट्ट्या कापल्या, नाव आलं ती पट्टी डब्यात बसवली. तुला विचारायला पाहिजे, हे मनात आलंसुद्धा नाही. मोडीतल्या ताटलीचं काय विचारायचं?

तू घरी आलास. डॉक्टरनं जिना चढू नको सांगितलं होतं, तू माझ्या खांद्यावर हात ठेवून चढलास, दर तीन पायऱ्यांना थांबत. तुला स्टुलावर बसवलं आणि बटण फिरवलं. नऊ डबे, भूपाल. पहिलं वळण, बोगदा, दुसरं वळण, सांधा, एकही चाक उचललं नाही. तीन फेऱ्या. मग मी गाडी मागं घेतली, पूर्ण गाडी उलटी ढकलत वळणातून आणली, तरी नाही घसरली. तू तोंडावर हात ठेवून हसत होतास आणि डोळे पुसत होतास. वहिनी गेल्यापासून मी तुला तसं हसताना बघितलं नव्हतं. मग तू विचारलंस, "नवव्यात कोण बसलंय?"

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "पद्मावती म्हणून कोन हाईत बघ. मामांच्या लय लाडक्या दिसत्यात, कोरून घेतलंय झ्याक."

तू गाडी थांबवलीस. "दाव."

मी छप्पर काढून डबा तुझ्या हातात दिला. तू अंगठा त्या अक्षरांवरून फिरवलास. मग म्हणालास, "तुझ्या वहिनीचं नाव हाय ह्ये."

बारा वर्षं, भूपाल. त्यातली सहा वर्षं त्या बाईच्या हातचं जेवलो आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. मला जमिनीत जावंसं वाटलं. त्या वेळी माझ्या तोंडून एकच वाक्य यायला पाहिजे होतं, आणि आलं भलतंच. मी म्हटलं, "मग मोडीत कशाला ठिवलीस?"

लाज वाटली की माझा आवाज चढतो, हे तुला ठाऊक होतं. तू चढवून उत्तर दिलं असतंस तर मिटलं असतं, आपली सगळी भांडणं तशीच मिटायची. पण तू डबा हळूच रुळावर ठेवलास आणि म्हणालास, "व्हय. चुकलंच माझं." मग म्हणालास, "जेवायची येळ झाली." दुपारचे तीन वाजले होते. तू भिंत धरून एकेक पायरी उतरलास. मी वर उभा राहून बघत होतो. माझाही जीव दुखावला होता ना, तीन दिवस खपलो होतो! मी खाली आलो तेव्हा तू आतल्या खोलीत गेला होतास. मी चपला घातल्या आणि स्टँडवर आलो.

नंतर पाच आठवडे मी एकच गोष्ट घोळत बसलो. मोडीच्या घमेल्यात ठेवलं ते मोडच असणार, यात माझी चूक काय? रोज नवीन पुरावा काढायचो आणि रोज केस जिंकायचो. तुला फोन मात्र करत नव्हतो.

गेल्या रविवारी अजितनं बोलावलं. खोली मालासाठी लागणार होती. "काका, तुमची हत्यारं आणि त्ये डबं, सगळंच घेऊन जावा. आमाला त्यातलं काय कळत न्हाई." मी वर गेलो. तुझा चष्मा तसाच पडलेला. मी हत्यारं गोळा करत होतो तेवढ्यात सुजाता वर आली. तुझी लेक रहिमतपूरला दिली तेव्हापासून मी तिला चार-पाचदाच बघितलेलं. हातात एक फडकं होतं. तिनं ते पाटावर सोडलं. आत ताटलीचे तीन तुकडे.

"काका, तुमी डाग देता न्हवं? आईची ताटली हाय. एवढी जोडून द्याल का?" मग म्हणाली, "एक तुकडा सापडत न्हाई. नावाचा."

मग तीच पुढं बोलत गेली. तू दवाखान्यातून आल्यावर ती तुला बघायला आली होती. ताटली शोधली, सापडेना. तू तिला सांगितलंस, "माझ्याच हातनं कापली गेली. ध्यानात आलं न्हाई."

"मी लय बोलले अप्पांना," सुजाता म्हणाली. "म्हटलं, गावच्या बायकांची नावं चष्मा लावून वाचता आणि आईचं नाव दिसलं न्हाई व्हय तुमाला? त्याच पावली रहिमतपूरला गेले. मग फोनबी न्हाई केला. आले ती ह्ये आसं झाल्यावरच."

तुझे शेवटचे पाच आठवडे मी मोजत होतो ते फक्त माझ्या बाजूनं. लेक बोलत नाही, मी बोलत नाही. एक शब्द सांगितला असतास तर तिचा राग माझ्याकडं वळला असता आणि तुला तुझी लेक मिळाली असती. माझं नाव घ्यायला काय हरकत होती? मी तिथं नव्हतोच. तू मात्र मला वरच्या खोलीत म्हटलेलं 'चुकलंच माझं' हे वाक्य घेतलंस आणि पोटच्या पोरीसमोरही तेच धरून बसलास.

मी नववा डबा उचलला, छप्पर काढलं, दोन स्क्रू सोडवले आणि पट्टी तिच्यासमोर ठेवली. "अप्पांनी न्हाई कापली, बाळ. मी कापली. त्ये दवाखान्यात व्हते तवा. मला वहिनींचं नाव ठावं नव्हतं."

सुजातानं पट्टी उचलली. माझ्याकडं बघितलं नाही.

"अप्पा न्हवते?"

"न्हाई."

ती पट्टी आणि ते तुकडे एकमेकांना लावून बघत राहिली. मग म्हणाली, "ताटली चिरली हुती म्हणून वर आणून ठिवली हुती अप्पांनी. मी म्हटलं सांगलीला द्या, जोडून देत्यात. तर म्हणाले, बाहेर न्हाई द्यायची, गौतम करंल. त्याच्यासारखा डाग कुणाचा न्हाई." पट्टी फडक्यावर ठेवली. "त्यांनी तुमच्यासाठीच ठिवली हुती ती."

पाच आठवडे जिंकत आलेली माझी केस तिथं संपली. मी म्हटलं, "सुजाता, माझं चुकलं गं."

"मला नका सांगू काका," ती म्हणाली. रागानं नाही, दमलेल्या आवाजात. "मीबी त्यांनाच सांगायची राहिलीया." चारही तुकडे तिनं परत फडक्यात बांधले. मला वाटलं आता घेऊन जाईल. तिनं ते माझ्या पिशवीत ठेवले आणि खाली गेली.

डबे मी आणले नाहीत. अजितला म्हटलं, राहू दे अजून थोडे दिवस, तो हो म्हणाला.

ताटली तीन दिवस माझ्या टेबलावर होती. पहिल्या दिवशी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी चिंचेनं घासली, चकचकीत झाली, मग कापलेल्या कडा एकमेकांना घासून जुळवल्या. तिसऱ्या दिवशी डाग दिला. कापताना करवतीनं जेवढं पितळ खाल्लं तेवढं आता कुठून येणार? म्हणून ताटली थोडी लहान झाली आहे आणि गोल राहिलेली नाही. कापल्याच्या तीन आणि जुन्या चिरीची एक अशा पांढऱ्या रेघा दिसतात, त्या लपवता येत नाहीत. वहिनींचं नाव मात्र सगळं वाचता येतं. उद्या सकाळच्या एसटीनं रहिमतपूरला जाऊन देऊन येईन. सुजाता दारातून घेईल की घरात बसवेल ठाऊक नाही. दोन्ही तिला शोभेल.

'मला नका सांगू' असं ती म्हणाली, म्हणून तुलाच लिहायला बसलो. आणि बघ ना, कोळी सांगितला, पोळपाट सांगितला, दिव्यांचं भांडणही उकरून काढलं, आणि जे सांगायचं तेच मागं ठेवत इथवर आलो. जन्माचा स्वभाव, जाता जात नाही.

भूपाल, तू ताटली कुठं ठेवलीस हा प्रश्नच नव्हता. मी विचारायला पाहिजे होतं. तू भिंत धरून जिना उतरत होतास, तेव्हा मी खाली येऊन तुला हात द्यायला पाहिजे होता.

माझं चुकलं, गड्या.